एक, उणे एक

प्रबंधाच्या दोनशे छापील प्रती सोमवारी सकाळी साडेनऊला आल्या आणि प्रबंध चुकलाय हे रेन्स्केला पावणेबाराला कळलं. मधले सव्वादोन तास ती फार सुखात होती.

खोकी तिनं खिडकीखाली रचून घेतली होती. एक फोडून पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, उलटंसुलटं करून पाहिलं. मुखपृष्ठावर मेंदूचा करडा छेद होता आणि त्याच्या मधोमध शेंगदाण्याएवढा लालभडक ठिपका. वर नाव, 'गेलेल्याचा आवाज'. खाली तिचं नाव. त्या शेंगदाण्यानं तिची चार वर्षं खाल्ली होती.

काम असं होतं. जोडीदार गमावलेली चोवीस माणसं तिनं गोळा केली. त्यांच्या फोनमध्ये गेलेल्या माणसाचे जे निरोप राहिले होते ते मागवले. 'मला उशीर होईल, बटाटे लावून ठेव.' 'किल्ली कुंडीखाली आहे.' 'निघालोय.' मेलेल्या माणसांचे असलेच निरोप शिल्लक असतात. तुझ्याशिवाय करमत नाही असं फोनवर सांगून ठेवणारा नवरा समुद्रकाठच्या त्या डच प्रांतात अजून जन्माला यायचा होता. हीच वाक्यं तिनं शब्दन् शब्द एका परक्या माणसाकडून वाचून घेतली. मग प्रत्येकाला मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात आडवं केलं आणि दोन्ही आवाज आलटून पालटून ऐकवले.

पुढे फक्त वजाबाकी. आपल्या माणसाच्या आवाजानं मेंदूत जी हालचाल होते तिच्यातून परक्याच्या आवाजानं होणारी हालचाल वजा करायची. कशातून काय वजा करायचं हे संगणकाला दोन आकड्यांनी सांगतात, त्याला या धंद्यात कॉन्ट्रास्ट म्हणतात. रेन्स्केचा कॉन्ट्रास्ट होता 'एक, उणे एक'. पहिल्या रकान्यातून दुसरा वजा. चार वर्षांच्या कामातली सगळ्यात लहान ओळ हीच होती.

वजाबाकी करून जे उरलं ते मुखपृष्ठावर होतं. मेंदूतली ती सुखाची जागा. तहानलेल्याला पाणी मिळालं की उजळणारी. गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकला की विधवांच्या डोक्यात तीच जागा उजळत होती, परक्याच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त.

नऊ दिवसांनी, म्हणजे पुढच्या बुधवारी, काळे झगे घातलेल्या सात परीक्षकांसमोर तिला हे मांडायचं होतं. त्याआधी दहा मिनिटं घरच्यांना समजेल असं साधं बोलायचं असतं. तिचे वडील बेकरीवाले. त्यांना ठिपक्यांचं काही कळणार नाही, म्हणून रेन्स्केनं ठरवलं की एकाच बाईचे मूळ आकडे घेऊन दोन साधे खांब काढावेत. एक आपल्या आवाजाचा, एक परक्याचा. वडिलांना खांब कळतात.

खांब निघाले. परक्याचा खांब उंच होता. आपल्याचा जवळजवळ जमिनीला टेकला होता.

"नावं उलटी पडली," रेन्स्के स्वतःशीच म्हणाली. नावं तपासली. बरोबर होती. तिनं दुसरी बाई घेतली, मग तिसरी. पाचव्या बाईपाशी तोंडातला पावाचा घास चावायचा थांबला.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. सुरुवातीला आवाजांच्या फायलींना तिनं दोन साधी डच नावं दिली होती, 'मान' म्हणजे नवरा आणि 'फ्रेम्त' म्हणजे परका. संगणक रकाने अक्षरांच्या क्रमानं लावतो. एम आधी येतो, व्ही मागून, आणि 'फ्रेम्त' डचमध्ये व्हीनं लिहितात. नवरा पहिला, परका दुसरा, एक उणे एक. सगळं चोख. मग नीतिसमितीचं पत्र आलं. या अभ्यासात काही विधुरही आहेत, तेव्हा 'नवरा' हा शब्द त्यांना डावलणारा आहे. कृपया सर्वांना सामावून घेणारी नावं वापरावीत. पत्र रास्त होतं. रेन्स्केनं एका दुपारी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळ्या फायलींची नावं बदलली. नवऱ्याचा झाला 'पार्टनर', परक्याचा झाला 'ओनबेकेंत', म्हणजे अनोळखी. ओ आधी येतो, पी मागून.

रकाने जागा बदलून बसले. कॉन्ट्रास्ट मात्र जिथल्या तिथे होता. एक, उणे एक. गेली दोन वर्षं ती परक्यातून नवरा वजा करत होती.

ती जिना उतरून तळघरात गेली. तिथे यंत्र होतं आणि यंत्राशेजारी खेर्बन होता. यंत्र तोच चालवायचा. तरुणपणी तो बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर उद्घोषणा करायचा, त्यामुळे आवाज खर्जातला आणि घाई नसलेला. प्रयोगातला परका आवाज त्याचाच होता.

"आत कोणी आहे?" रेन्स्केनं विचारलं.

"पाण्याचा गोळा आहे. यंत्राची चाचणी चाललीय. तू त्याच्यापेक्षा पांढरी दिसतेस. काय झालं?"

तिनं सांगितलं. खेर्बननं नीट ऐकून घेतलं. मग खुर्ची गर्रकन तिच्याकडे वळवली.

"थांब. म्हणजे त्या बायकांना सुख वाटलं ते..."

"हो."

"माझ्या आवाजानं?"

"हो, खेर्बन."

"मी 'बटाटे लावून ठेव' म्हणालो त्यानं?"

"खेर्बन, माझा प्रबंध मेलाय!"

"ते ऐकलं मी. माझ्या बायकोला कोणी सांगायचं, एवढंच विचारतोय." एवढं बोलून तो गंभीर झाला. "हे बघ, दोन आकड्यांची अदलाबदल. बाकी सगळं तेच राहतं ना? गणित तेच, माणसं तीच."

"निष्कर्ष उलटा होतो."

"मग उलटा लिहून टाक."

"दोनशे प्रती छापून आल्यात."

"मग चिठ्ठी घाल आत. माझ्या मेहुण्याच्या पाककृतींच्या पुस्तकात घातली होती. मिठाचं माप चुकलं होतं."

रेन्स्के उभ्या उभ्याच विचार करत होती. "सात नंबर तेवढा बरोबर होता," ती म्हणाली. "त्याच्या फायली वेगळ्या कप्प्यात होत्या, तिथवर माझा प्रोग्रॅम पोचलाच नाही. जुनीच नावं राहिली. तेवीस जण उलटे आणि सात नंबर एकटा सुलटा. आणि मी त्यालाच उलटा म्हणून वगळला."

खेर्बननं समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पाण्याच्या गोळ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिला. कोण कुठला नंबर ते त्या त्या माणसाखेरीज फक्त त्याला ठाऊक असायचं, आणि ते कोणालाही न सांगण्याचा कागद त्यानं सही करून दिलेला होता.

"ताल्माला सांग," शेवटी तो म्हणाला. "चिठ्ठीबिठ्ठी राहू दे. आधी ताल्माला सांग."

एव्हर्ट ताल्मा म्हणजे तिचे मार्गदर्शक प्राध्यापक. ते त्या दिवशी दुसऱ्या शहरात बैठकीला गेले होते. रेन्स्केला हायसं वाटलं आणि तिनं चिठ्ठी लिहायला घेतली.

'पान ५८ ते १०३ : जिथे जिथे "जास्त" आहे तिथे "कमी" वाचावे.' एवढ्यावर भागेना. पान ६४ वर 'वेदना कमी होते' असं वाक्य होतं. तिथे 'कमी'च्या जागी 'जास्त' वाचायचं होतं. पान ७१ वर 'कमी-जास्त' असा शब्द होता, तो तसाच ठेवायचा होता. दुपारी तीन वाजता चिठ्ठी सहा पानांची झाली. पान ११२ वर तिनं आजीचे आभार मानले होते, 'जिच्यामुळे मला कळलं की आठवण हेच औषध आहे.' त्याचं काय करायचं ते तिला सुचेना.

मग तिनं विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात फोन लावला. बातमीचा मसुदा महिनाभर तिथे पडून होता.

"बातमी दुपारी बाराला गेली," पलीकडची बाई आनंदानं म्हणाली. "ऐंशी ठिकाणी! प्रांताच्या पेपरनं तर लगेच लावलीसुद्धा. 'मेलेला नवरा सुख देतो.' छान मथळा आहे ना?"

"त्यात एक छोटी दुरुस्ती आहे."

"किती छोटी?"

"एक उणेचं चिन्ह."

"अगं, मग राहू दे की. वाचक चिन्हांकडे बघत नाहीत."

आता खरी भीती उरली होती ती वृद्धाश्रमाची. समुद्राच्या बांधालगत एक वृद्धाश्रम होता. प्रबंध पुरा व्हायच्या आधीच ताल्मांनी तिथे प्रयोग सुरू केला होता. अकरा म्हाताऱ्यांना कानांवर लावायचे हेडफोन दिले होते. रोज दुपारी चार वाजता, वीस मिनिटं, गेलेल्या माणसाचा आवाज. पाच महिने झाले होते. ताल्मा दर महिन्याला जातीनं जायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, बरं वाटतं का. अकराच्या अकरा जण हो म्हणायचे. झोप सुधारली होती, रडणं कमी झालं होतं. तक्त्यात तसे आकडे होते. रेन्स्केनं आश्रमाच्या व्यवस्थापकाला फोन करून विचारलं, आवाज ऐकवणं दोन-चार दिवस थांबवता येईल का.

"थांबवता?" तो म्हणाला. "मी आणखी तीस संच मागवलेत. आता सगळ्या मजल्यांना देणार. सगळ्यांनाच कोणी ना कोणी गेलेलं आहे."

त्या रात्री रेन्स्केला झोप लागली नाही. मध्येच एकदा असंही वाटून गेलं की ती एक ओळ जगात कोणीच उघडून पाहणार नाही. सात परीक्षकांनी पाहिली नव्हती. पुढेही कोणी पाहणार नव्हतं. ती बुधवारी झगेवाल्यांना हसून उत्तरं देईल, वडील रडतील, टाळ्या पडतील. बांधाजवळ रोज चार वाजता चाळीसेक माणसं त्यांच्या मेंदूतला दिवा विझवणारा आवाज ऐकत बसतील. एवढं डोळ्यांसमोर आल्यावर ती उठून बसली.

मंगळवारी दुपारी, बैठकीहून परतलेल्या ताल्मांच्या खोलीचं दार उघडं होतं. उंच, वाळलेला माणूस. बायको, आफ्के, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल चांगलं सोडून दुसरं काही कोणी ऐकलं नव्हतं, आणि चांगलंही ते फार थोडं बोलायचे.

"एव्हर्ट, मी माझा कॉन्ट्रास्ट उलटा लावलाय," रेन्स्के दारातूनच म्हणाली. बसून सांगायचं धैर्य नव्हतं.

"बस," ताल्मा म्हणाले.

तिनं एम, व्ही, ओ आणि पी सांगितलं. नीतिसमिती सांगितली, खांब दाखवले. ताल्मांनी खांबांकडे पाहिलं, मग पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे, मग परत खांबांकडे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"सगळे उलटे?" त्यांनी विचारलं.

"तेवीस. सात नंबर सोडून."

"सातचं काय?"

"त्याची नावं बदललीच गेली नाहीत. तो पहिल्यापासून बरोबर होता. आम्ही त्याला वगळला कारण... म्हणजे मीच वगळला... कारण तो सगळ्यांच्या विरुद्ध दिसत होता. पण तो विरुद्ध नव्हताच. तो इतर सगळ्यांसारखाच आहे."

ताल्मा उठले आणि खिडकीशी गेले. खाली सायकलींची रांग वाऱ्यानं आडवी झाली होती. कोणीतरी त्या एकेक करून उभ्या करत होतं आणि शेवटची उभी केली की पहिली पडत होती.

"परत सांग," ते म्हणाले.

"काय?"

"शेवटचं वाक्य."

"सात नंबर इतर सगळ्यांसारखाच आहे."

"सात नंबर मी आहे," ताल्मा म्हणाले.

रेन्स्केला दीड वर्षापूर्वीची बैठक आठवली. पडद्यावर तिनं सात नंबरचा नकाशा लावला होता. सगळ्यांचा शेंगदाणा लाल, याचा निळा. टेबलाभोवती सहा जण होते. आणि ती म्हणाली होती, "या गृहस्थाला बायको गेल्यावर सुटल्यासारखं झालेलं दिसतंय!" सगळे हसले होते. ताल्माही हसले होते. मग सपाट आवाजात म्हणाले होते, "वगळ त्याला."

"एव्हर्ट, मला माहीत नव्हतं. माणसं कमी पडत होती म्हणून कोणीतरी आमच्यातलंच आत झोपलं, एवढंच ठाऊक होतं. मी जे बोलले होते ते..."

"विनोद चांगला होता," ताल्मा म्हणाले. "माझ्याकडे तिचा एकच निरोप होता. 'एव्हर्ट, फोन उचल. तू घरीच आहेस, मला माहितीय.' बस, एवढाच. मी तो यंत्रात पडून चाळीस वेळा ऐकला. आणि तुझा नकाशा म्हणाला, याला काही वाटत नाही. तेवीस माणसांना वाटतं, याला नाही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, लगेच परत काढून डोळ्यांवर चढवला.

"दीड वर्ष मी असं धरून चाललो होतो की माझं तिच्यावर प्रेमच नव्हतं. छत्तीस वर्षं नुसतं नाटक केलं आणि माझं मला कळलंसुद्धा नाही. म्हणून तर वृद्धाश्रमाचं एवढं लावून धरलं. म्हटलं, माझं नसेल, निदान ज्यांचं होतं त्यांना तरी..."

पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडलं. रेन्स्केच्या मनात आलं, माफी मागावी तर कशाची? चुकीची, की चूक इतक्या उशिरा सापडल्याची?

"बुधवार रद्द," थोड्या वेळानं ताल्मा नेहमीच्या आवाजात म्हणाले. "परीक्षकांना मी आज कळवतो. तू नवं लिहायचंस. हिवाळ्यात परत उभी राहशील."

"आणि या दोनशे प्रती?"

"त्यात लिहिलंय ते खरं नाही, रेन्स्के. लगद्याला दे. कोट घे, आपल्याला बांधावर जायचंय. चारच्या आत."

पोचेपर्यंत चार वाजून पाच मिनिटं झाली. मोठ्या दिवाणखान्यात अकराही जण अर्धगोलात बसले होते. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, हात मांडीवर. कोणी हलत नव्हतं. चेहऱ्यांवर इतकी गाढ शांतता होती की रेन्स्केला क्षणभर वाटलं, चूक आपल्या खांबांचीच असेल आणि जुना शेंगदाणाच खरा असेल.

ताल्मा दारातच थबकले. "बघ," ते कुजबुजले. "हे कसं काय?"

रेन्स्के पुढे झाली. बाऊकेमाबाई पहिल्या खुर्चीत होत्या. वय एक्याऐंशी, नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, यंत्रात झोपलेल्या चोवीस जणांपैकीच एक. त्यांच्या मांडीवर हेडफोनची डबी होती. चालू असली की तिच्यावर हिरवा दिवा लागतो. दिवा लागलेला नव्हता. शेजारच्यांच्या डबीवरही नव्हता. रेन्स्के अर्धगोलाभोवती पूर्ण फिरून आली. अकरा डब्या, एकही हिरवा दिवा नाही.

"बाऊकेमाबाई," तिनं हळूच खांद्याला हात लावला. "तुमचं यंत्र बंद आहे."

बाऊकेमाबाईंनी एक डोळा उघडला. आधी रेन्स्के दिसली, मग दारातले प्राध्यापक. "अगंबाई! आज तुमचा दिवस नव्हता ना?" म्हणत त्यांनी घाईनं बटण दाबलं. बाकीच्यांनीही दाबलं. दहा हिरवे दिवे लागले. अकराव्या गृहस्थांना खरंच झोप लागली होती.

"केव्हापासून बंद आहे?" ताल्मांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी बाऊकेमाबाईंनी हेडफोन गळ्यात उतरवला.

"दुसऱ्या आठवड्यापासून," त्या म्हणाल्या. "रागावू नका. पहिला आठवडा ऐकलं आम्ही, इमानेइतबारे. माझा नवरा म्हणायचा, 'उशीर होईल, बटाटे लावून ठेव.' तो आवाज आला की मला वाटायचं, येतोय हा, उठायला हवं. अर्धी उठायचेसुद्धा. आणि मग आठवायचं. तो एकदा बुडाला, प्राध्यापक. तुम्ही त्याला रोज चार वाजता बुडवायला लागलात."



"मग तुम्ही सांगितलं का नाही?" रेन्स्केनं विचारलं. "आकडे तर सगळे सुधारले होते!"

"सुधारणारच! वीस मिनिटं कोणी त्रास देत नाही. हे कानावर असलं की नर्स बोलत नाही, व्यायामाला उठवत नाहीत, पलीकडची बाई मुलीची गाऱ्हाणी सांगत नाही. नुसतं बसायचं. या घरात शांत बसायला एवढी एकच वेळ आहे." त्यांनी ताल्मांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आणि तुम्ही दर महिन्याला यायचात. प्रत्येकाच्या खुर्चीशी वाकून विचारायचात, बरं वाटतं का हो, आवाज ऐकून बरं वाटतं ना. इतक्या आशेनं विचारायचात की नाही कसं म्हणणार? आम्ही आपसात ठरवलं, या माणसाचं काहीतरी दुखतंय. याला हो म्हणायचं."

ताल्मांनी जवळची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले.

"यंत्रातल्या त्या दुसऱ्या आवाजानं मात्र बरं वाटायचं हं," बाऊकेमाबाई रेन्स्केला म्हणाल्या. "तो परका गृहस्थ. तोही तेच म्हणायचा, उशीर होईल. म्हटलं, होऊ दे की बाबा, माझं काय जातंय!"

नव्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याहून चांगलं तिला जन्मात लिहिता येणार नव्हतं. रेन्स्केनं खिशातून कागद काढला आणि उभ्या उभ्याच ते वाक्य उतरवून घेतलं.

निघताना ताल्मांनी सगळ्यांना सांगितलं की चूक आमची होती, प्रयोग आजपासून बंद, यंत्रं परत करा. एकानंही हेडफोन काढला नाही. बाऊकेमाबाईंनी तर परत डोळे मिटून घेतले. व्यवस्थापक धावत आला, त्या नव्या तीस संचांचं काय करू म्हणून विचारायला. ताल्मांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वाटून टाका. आत काही भरू नका."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सपाट शेतं होती आणि वारा गाडीला ढकलत होता. रेन्स्के मनातल्या मनात वडिलांना सांगायचं वाक्य जुळवत होती. बुधवारसाठी त्यांनी चारशे केकांचं पीठ सांगून ठेवलं होतं.

पहिल्या चौकात दिवा हिरवा होता. ताल्मा वेग कमी न करता पार गेले आणि एकदम म्हणाले, "आफ्के हिरवा दिवा दिसला की गाडी हळू करायची."

"का?"

"म्हणे, आता लाल होईल. छत्तीस वर्षं. मागचे लोक भोंगे वाजवायचे, मी सीटमध्ये खाली सरकायचो. आणि व्हायचाच लाल! होणारच, इतक्या हळू गेल्यावर!"

रेन्स्केनं त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते. चेहरा ओला झाला होता आणि ते तो पुसत नव्हते.

"गोष्ट सांगायला लागली की मधूनच सुरू करायची," ते पुढे म्हणाले. "'मग ती म्हणाली', असं. कोण ती? कधी? विचारलं की रागवायची, मी लक्ष देत नाही म्हणून. माझा तपकिरी कोट मला न विचारता दान करून टाकला. आठ दिवसांनी तो कोट एका माणसाच्या अंगावर बाजारात दिसला, आणि मला म्हणते, बघ, त्याला कसा शोभतो! मी वाचायला बसलो की हिला फोन करायचा असायचा, तोही माझ्याच खोलीतून. आणि जायफळ! तुला सांगतो, रेन्स्के, ती बाई फुलकोबीवर जायफळ किसायची, पालकावर किसायची, बटाट्यावर किसायची..."

तीन वर्षांत आफ्केबद्दलचा वाईट शब्द कोणी ऐकला नव्हता. आता तो थांबत नव्हता. दूधवाल्याशी तिचं भांडण झालं, मग बहिणीशी, मग एका बदकाशी, आणि प्रत्येक भांडणात ताल्मांना मध्ये पडावं लागलेलं होतं. शहर आलं, कालवा ओलांडला, रेन्स्केची गल्ली आली. गाडी तिच्या घरासमोर थांबली. इंजिन चालूच होतं. रेन्स्केनं दाराच्या खिट्टीवर हात ठेवला.

"घाई आहे का तुला?" ताल्मांनी विचारलं.

"नाही."

"मग बस दोन मिनिटं," ते म्हणाले. "जायफळाचं अजून संपलं नाही."